जुन्या सर्व्हरची क्षमतावृद्धी : ‘कमाल मर्यादा’ या शब्दांचा अर्थ

विद्यापीठीय विभागांतील संगणकयंत्रे दोन प्रकारांनी जुनी होतात. एक प्रकार यंत्र प्रत्यक्ष बंद पडण्याचा. तो सरळ आहे. त्यात विचार करावयाचे फारसे उरत नाही. दुसरा प्रकार अधिक वेळा आढळतो. यंत्र सुस्थितीत असते, त्याचे पंखे नियमितपणे फिरत असतात, डेडस्टॉक रजिस्टरातील त्याची नोंद जशीच्या तशी असते. परंतु ज्या कामासाठी ते घेतले ते काम दरम्यानच्या काळात इतके वाढलेले असते की यंत्र त्याला पुरे पडत नाही. अशा वेळी दोनच मार्ग आहेत असे सामान्यतः समजले जाते : यंत्राचे निर्लेखन करून नव्याची मागणी करणे, किंवा अनुदान येईपर्यंत संशोधन थांबविणे. तिसरा मार्ग असा की, त्याच यंत्रातील मेमरी व प्रोसेसर बदलून त्याची क्षमता वाढवावयाची, आणि तीही प्रसंगी उत्पादकाने छापलेल्या कमाल मर्यादेपलीकडे. हा मार्ग कितपत शास्त्रशुद्ध आहे, आणि मराठवाड्यातील परिस्थितीत तो स्वीकारताना कोणत्या गोष्टी तपासावयास हव्यात, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक लाख जनुकीय अनुक्रमांपैकी प्रत्येकाचे इतर प्रत्येकापासूनचे अंतर मोजून त्याचे कोष्टक तयार करावयाचे आहे असे समजू. एक लाख ओळी, एक लाख स्तंभ, आणि प्रत्येक संख्येस आठ बाइट. म्हणजे कोष्टकास ८० गिगाबाइट जागा हवी. सर्व्हरची मेमरी २४ गिगाबाइट असेल, तर उरलेले कोष्टक चुंबकीय डिस्कवर ठेवून ते पुनःपुन्हा आत-बाहेर करावे लागते. मेमरीतील एखादी संख्या हाती येण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरील संख्येस सुमारे १० मिलिसेकंद. हे अंतर लाखपटीचे आहे. एका रात्रीत व्हावयाचे गणित आठवडे लोटले तरी संपत नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने असे यंत्र असून नसल्यासारखेच होय.

येथेच एक गोष्ट सांगून टाकणे इष्ट, कारण उत्साहाच्या भरात तिचा विसर पडतो. ‘अ’चे ‘ब’पासूनचे अंतर आणि ‘ब’चे ‘अ’पासूनचे अंतर एकच असल्यामुळे वरील कोष्टकाचा अर्धाच भाग साठवावा लागतो, आणि आठ बाइटांची अचूकता आवश्यक नसेल, तर चार बाइटांत काम भागते. ८० गिगाबाइटची गरज अशा रीतीने २० वर येते, आणि ती २४ गिगाबाइटच्या यंत्रात, थोडी दाटीने का होईना, मावते. यंत्र उघडण्यापूर्वी गणित उघडून पाहावे. सर्वच गणितांना ही सवलत मिळत नाही; लघुखंडांतून संपूर्ण जीनोम जुळविण्यासारखी कामे मुळातच मेमरीची भुकेली असतात. पुढील विवेचन त्यांच्यासाठी आहे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात, आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. अशा प्रदेशातील एखाद्या विभागास दोन प्रोसेसरांचा नवा सर्व्हर घेणे म्हणजे कित्येक लाखांची तरतूद करणे होय. उलट, मोठमोठी संगणककेंद्रे काही वर्षांच्या अंतराने आपली यंत्रे काढून टाकीत असल्यामुळे मागील पिढ्यांचे प्रोसेसर आणि मेमरीच्या पट्ट्या जुन्या बाजारात मूळ किमतीच्या अल्पांशाने मिळतात. तेव्हा मोह स्वाभाविक आहे. तथापि प्रश्न केवळ पैशाचा नाही. मर्यादेबाहेर नेलेले यंत्र बंद पडले तर नुकसान थोडे. ते बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ लागले, आणि ते उत्तर प्रबंधात छापले गेले, तर नुकसान फार मोठे.

मेमरीच्या मर्यादा

माहितीपत्रकात ‘कमाल मेमरी’ म्हणून एकच अंक छापलेला असतो. त्या एका अंकामागे परस्परांशी संबंध नसलेली अनेक कारणे असू शकतात, आणि त्यांतील कोणते कारण प्रस्तुत यंत्रास लागू आहे हे ठरविल्यावाचून तो अंक ओलांडता येईल की नाही हे सांगता येत नाही. सर्व घोटाळा येथूनच निर्माण होतो.

सर्वांत मूलभूत मर्यादा पत्त्याची. मेमरीतील प्रत्येक बाइटास एक पत्ता असतो, आणि तो पत्ता जितक्या द्विमान अंकांनी लिहिता येईल तितक्याच जागा प्रोसेसरास दिसतात. ३२ अंकांनी ४ गिगाबाइट मेमरी पाहता येते. १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रो प्रोसेसरात हा पत्ता ३६ अंकांचा झाला आणि मर्यादा ६४ गिगाबाइट झाली. ही भिंत खरी आहे; तिच्यावर कोणतीही युक्ती चालत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राची फेराइट-कड्यांची मेमरी प्रत्येकी ४० अंकांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत १० किलोबाइट होती. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह बहुधा तीन बाइट घेते, तेव्हा त्या संपूर्ण मेमरीत छापील मराठीची जेमतेम दोन पाने मावली असती. त्या काळी मेमरीचा प्रत्येक शब्द यंत्राबरोबरच कल्पिलेला आणि ओवलेला असे. ‘अधिकृत’ आणि ‘प्रत्यक्ष’ अशा दोन मर्यादांचा प्रश्नच उद्भवत नसे. मेमरी सुटी विकली जाऊ लागली तेव्हा हा भेद जन्मास आला.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. इंटेल कंपनीने मार्च २००९ मध्ये झिऑन ५५०० आणि मार्च २०१० मध्ये झिऑन ५६०० या प्रोसेसर-मालिका बाजारात आणल्या. त्यांवर आधारलेले सर्व्हर, उदाहरणार्थ डेल कंपनीचा पॉवरएज आर ७१०, आता कार्यालयांतून निवृत्त होऊन जुन्या बाजारात विपुल आढळतात, आणि अशी यंत्रे हाताळणाऱ्यांच्या परिचयाचे आहेत. या प्रोसेसरांत पत्ता ४० अंकांचा आहे. म्हणजे सिद्धान्ततः १ टेराबाइट मेमरी दिसावयास हवी. परंतु इंटेलने ५५०० मालिकेसाठी दिलेला अंक १४४ गिगाबाइटचा आहे. १०२४ आणि १४४ यांत एवढी तफावत का?

उत्तर मेमरीच्या पट्टीच्या रचनेत आहे. या पिढीत मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरातच असते. प्रत्येक प्रोसेसरापासून मेमरीकडे जाणाऱ्या तीन वाहिन्या आहेत, आणि आर ७१० मध्ये प्रत्येक वाहिनीवर तीन स्लॉट. दोन प्रोसेसर मिळून अठरा. पट्टीवरील चिप गटागटांनी काम करतात. एका गटातील सर्व चिप एकाच वेळी जाग्या होऊन ६४ अंक माहितीचे आणि ८ अंक पडताळणीचे असे ७२ अंक पुरवितात. अशा गटास ‘रँक’ म्हणतात. कोणत्या रँकने बोलावयाचे हे सांगणाऱ्या निवड-तारा प्रत्येक वाहिनीवर आठच आहेत. म्हणून एका वाहिनीवर आठांहून अधिक रँक बसूच शकत नाहीत.

चार अंक देणाऱ्या चिप असतील, तर एका रँकेस अठरा चिप लागतात : सोळा माहितीसाठी, दोन पडताळणीसाठी. २ गिगाबिटच्या चिपांनी १६ गिगाबाइटची पट्टी करावयाची, तर माहितीसाठी ६४ आणि पडताळणीसाठी ८ मिळून ७२ चिप लागतात, म्हणजे चार रँक. अशा तीन पट्ट्या एका वाहिनीवर लावल्यास बारा रँक होतील, आणि ते अशक्य आहे. दोनच लावता येतात. एकूण बारा पट्ट्या, १९२ गिगाबाइट. पुढे ४ गिगाबिटच्या चिप आल्या. त्याच १६ गिगाबाइटच्या पट्टीस आता ३६ चिप पुरतात, म्हणजे दोनच रँक. तीन पट्ट्यांचे सहा रँक होतात. ते आठांच्या आत आहेत. अठराही स्लॉट भरता येतात, आणि बेरीज २८८ गिगाबाइट होते. इंटेलने ५६०० मालिकेसाठी दिलेला अंक नेमका हाच आहे.

निवड-तारांची संख्या या सर्व काळात आठच राहिली. बदलली ती चिपांची घनता आणि ती स्वीकारण्याची नियंत्रकाची तयारी. १४४ हा अंक म्हणजे अठरा गुणिले आठ, म्हणजे त्या वेळी विचारात घेतलेली सर्वांत मोठी पट्टी गुणिले स्लॉटांची संख्या, एवढाच होता. कमाल मर्यादा म्हणून छापलेले पुष्कळ अंक अशा साध्या गुणाकाराचे असतात. त्यांचा अर्थ ‘याहून अधिक चालत नाही’ असा नसून ‘याहून अधिक लावून पाहिलेले नाही’ असा असतो. एचपी कंपनीच्या मायक्रोसर्व्हर एन ४० एल या छोट्या यंत्राची अधिकृत मर्यादा ८ गिगाबाइट होती. वापरणाऱ्यांनी त्यात आठ-आठच्या दोन पट्ट्या लावून १६ गिगाबाइट यशस्वीपणे चालविली. ॲपलच्या २००९ च्या दोन-प्रोसेसरी मॅक प्रो यंत्राची अधिकृत मर्यादा ३२ होती. आठ स्लॉटांत सोळाच्या पट्ट्या लावून तेथे १२८ पर्यंत मजल गेली.

परंतु याच न्यायाने सर्व मर्यादा कागदी मानणे धोक्याचे आहे. एचपीच्याच मायक्रोसर्व्हरची पुढील, ‘जेन ८’ ही आवृत्ती पाहावी. तिच्यात दोन स्लॉट आहेत आणि अधिकृत अंक १६ गिगाबाइट आहे. हाही अंक गुणाकाराचाच दिसतो. तथापि येथे सोळाच्या पट्ट्या लावल्यास यंत्र सुरूच होत नाही. त्या प्रोसेसरातील नियंत्रक ४ गिगाबिटपर्यंतच्या चिपांसाठी घडविलेला आहे. ८ गिगाबिटच्या चिपांना लागणारी पत्त्याची मांडणी त्याला ठाऊकच नाही. दोन्ही अंक कागदावर सारखेच निःशंकपणे छापलेले. एक पाटी निघाली, दुसरी भिंत. केवळ पत्रक वाचून हा भेद कळत नाही. त्यासाठी प्रोसेसरातील नियंत्रकाचे तांत्रिक दस्तऐवज वाचावे लागतात, आणि तेथे पाहावयाचे ते एकूण गिगाबाइट नव्हेत, तर चिपची स्वीकारार्ह घनता, वाहिनीवरील रँकांची संख्या आणि पट्टीचा प्रकार. सर्व्हरच्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या आणि घरगुती संगणकाच्या साध्या पट्ट्या स्लॉटात सारख्याच बसतात, पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको. तरीही जुन्या बाजारातील खरेदीत सर्वांत अधिक पैसा याच चुकीत जातो.

काही मर्यादा तर धातूत वा सिलिकॉनमध्ये नसतातच. त्या परवान्यात असतात. विंडोज सर्व्हर २००८ आर २ ची ‘स्टँडर्ड’ आवृत्ती ३२ गिगाबाइटपेक्षा अधिक मेमरी वापरीत नाही, आणि त्याच प्रणालीची ‘एंटरप्राइझ’ आवृत्ती २ टेराबाइटपर्यंत जाते. यंत्र तेच. अशा यंत्रात पट्ट्या वाढवून उपयोग नाही; ६४ अंकी लिनक्सची स्थापना केल्यास हा प्रश्न उरत नाही.

आणखी एक बाब : मेमरी वाढली की वेग वाढतो ही समजूत सरसकट खरी नाही. ५५०० मालिकेतील वेगवान प्रोसेसरांत वाहिनीवर एक पट्टी असता मेमरी १३३३ च्या गतीने चालते, दोन असता १०६६, आणि तीन असता ८००. पट्ट्या वाढल्या की तारेवरील विद्युत्भार वाढतो आणि संकेत अस्पष्ट होतात, म्हणून गती उतरवावी लागते. ज्याचे गणित ४० गिगाबाइटात मावते, त्याने अठराही स्लॉट भरले तर त्याचे काम पूर्वीपेक्षा मंद होईल. वरील ८० गिगाबाइटच्या कोष्टकास दोन रँकांच्या सोळाच्या सहा पट्ट्या, म्हणजे प्रत्येक वाहिनीवर एक, पुरतात. बेरीज ९६ होते, आणि गती पूर्ण मिळते. अंक ओलांडण्याची गरजच पडत नाही.

प्रोसेसर बदलताना

प्रोसेसर बसण्याची जागा सारखी असली म्हणजे कोणताही प्रोसेसर चालतो, असे नाही. ५५०० आणि ५६०० या दोन्ही मालिका १३६६ स्पर्शबिंदूंच्या एकाच सॉकेटात बसतात. परंतु यंत्र सुरू होताना बायोस प्रोसेसरास त्याची ओळख विचारतो, आणि त्या ओळखीशी जुळणारा मायक्रोकोड त्याच्याजवळ नसेल, तर काम तेथेच थांबते. म्हणून क्रम महत्त्वाचा : प्रथम जुन्याच प्रोसेसरावर बायोस अद्ययावत करावयाचा, मग प्रोसेसर बदलावयाचा. उलट केल्यास नवा प्रोसेसर यंत्र सुरू करू देत नाही, आणि यंत्र सुरू झाल्याशिवाय बायोस बदलता येत नाही. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. मराठवाड्यात हे काम यूपीएसच्या आधाराशिवाय कोणी करू नये.

दुसरी अट विद्युत्पुरवठ्याची. मदरबोर्डावरील नियामक प्रोसेसरास कमी व्होल्टेजचा पण फार मोठा प्रवाह पुरवितो, आणि तो किती वॉटपर्यंत पुरवावयाचा हे मूळ आराखड्यात ठरलेले असते. आर ७१० च्या पहिल्या आवृत्तीच्या बोर्डावर ५६०० मालिकेतील १३० वॉटचे प्रोसेसर चालत नाहीत, दुसऱ्या आवृत्तीवर चालतात. आणि दुसरी आवृत्ती यंत्राच्या लेबलावरील रोमन दोनच्या खुणेवरून ओळखावी लागते. बाहेरून दोन्ही यंत्रे जुळी. कधी अडचण निव्वळ आकाराची असते. २००९ च्या दोन-प्रोसेसरी मॅक प्रोमध्ये कारखान्यातून बसविलेल्या प्रोसेसरांवर धातूचे आवरण नव्हते; बाजारात मिळणाऱ्या आवरणयुक्त प्रोसेसरांची उंची त्यामुळे अधिक भरते, आणि हीटसिंक नेहमीप्रमाणे पूर्ण आवळल्यास सॉकेटच्या सूक्ष्म पिना वाकतात. सॉफ्टवेअरने सर्व काही संमत केले तरी स्क्रूच्या दोन फेऱ्यांत यंत्र जाऊ शकते.

तिसरी अट उष्णतेची, आणि नांदेड-लातूरच्या संदर्भात तीच निर्णायक आहे. प्रोसेसर निवडताना बहुतेकांची दृष्टी मालिकेतील सर्वांत वेगवान नगावर जाते. ५६०० मालिकेत तो एक्स ५६९० : सहा गाभे, ३.४६ गिगाहर्ट्झ, १३० वॉट. त्याच मालिकेत एल ५६४० नावाचा दुसरा प्रोसेसर आहे : सहाच गाभे, २.२६ गिगाहर्ट्झ, आणि केवळ ६० वॉट. जुन्या यंत्रात पुष्कळदा आढळणारा ई ५५२० चार गाभ्यांचा, त्याच २.२६ गिगाहर्ट्झचा आणि ८० वॉटचा आहे. म्हणजे ई ५५२० ची जोडी काढून एल ५६४० ची बसविल्यास गाभे आठांचे बारा होतात आणि कमाल उष्णता १६० वॉटवरून १२० वर येते. एक्स ५६९० ची जोडी बसविल्यास ती २६० होते. मिळणारा वेग अर्थातच अधिक आहे. परंतु या १४० वॉटच्या फरकाचा अर्थ पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित संगणककक्षात एक आणि मे महिन्यातील नांदेडात दुसरा असतो.

उन्हाळा, वीज आणि पाणी

अशा सर्व्हरांसाठी आत शिरणाऱ्या हवेची मर्यादा सामान्यतः १० ते ३५ अंश सेल्सियस दिलेली असते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान चाळिशी ओलांडते. वातानुकूलन चालू आहे तोवर चिंता नाही. परंतु सर्वसाधारण मांडणी अशी असते की, सर्व्हर यूपीएसवर असतो आणि वातानुकूलन यंत्र नसते. वीज जाताच थंडावा थांबतो, उष्णता चालूच राहते. यूपीएस जितका चांगला, तितके हे संकट लांबते. हा विरोधाभास प्रत्यक्ष अनुभवास आल्याखेरीज सहसा लक्षात येत नाही.

त्याचा हिशोब कठीण नाही. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा बंद खोलीत ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४१ किलोग्रॅम हवा असते. तिला एक अंशाने तापविण्यास सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. सर्व्हर ४०० वॉट उष्णता बाहेर टाकीत असेल, तर भिंती हिशोबात न धरता दर १०३ सेकंदांस एक अंश वाढतो, आणि २६ अंशांची खोली सुमारे पंधरा मिनिटांत ३५ वर पोहोचते. १४० वॉटची भर पडल्यास तोच अवधी साडेअकरा मिनिटांवर येतो. भिंती काही उष्णता शोषून घेतात हे खरे; पण पश्चिमेच्या उन्हाने दिवसभर तापलेली भिंत शोषण्याऐवजी देतही असते. शिवाय तापमान वाढले की सर्व्हरचे पंखे वेग घेतात, आणि पंख्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट, तर वीज आठपट. ही वीजही अखेर यूपीएसच्या बॅटरीतूनच जाते. म्हणून तापमान विशिष्ट अंशापलीकडे जाताच सर्व्हर आपोआप व्यवस्थितपणे बंद होईल अशी योजना आधी करावयाची, आणि प्रोसेसर मागाहून बदलावयाचा.

वातानुकूलनाऐवजी कूलर वापरण्याची कल्पना खर्चाच्या दृष्टीने आकर्षक वाटते, आणि कोरड्या हवेत बाष्पीभवनाने थंडावा मिळतोही. परंतु त्यास पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्या उन्हाळ्यात थंडाव्याची गरज सर्वाधिक, त्याच उन्हाळ्यात पाणी सर्वांत दुर्मिळ, ही या प्रदेशाची वस्तुस्थिती आहे. कूलरबरोबर येणारी धूळ आणि आर्द्रता ही आणखी निराळी आपत्ती. तेव्हा कमी वॉटचा प्रोसेसर निवडणे हा येथे काटकसरीचा नव्हे, तर भूगोलाचा निर्णय ठरतो.

उत्तरांची विश्वासार्हता

यंत्र सुरू झाले, बायोसने नवा अंक दाखविला, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. मेमरीतील एखादा अंक शून्याचा एक होणे ही दुर्मिळ घटना नव्हे. गूगलच्या यंत्रांचा अभ्यास करून श्रोडर, पिन्हेरो व वेबर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत दुरुस्त करण्याजोग्या चुका आढळल्याचे नमूद आहे. वापराच्या दहा ते अठरा महिन्यांनंतर चुकांचे प्रमाण वाढू लागते, असेही त्यात दिसून आले. तापमानाचा परिणाम मात्र त्यांना अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. जुन्या बाजारातील प्रत्येक पट्टी हे वय केव्हाच ओलांडून आलेली असते.

या चुकांवरील उपाय जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीच्या विस्तारावर सर्व्हरची मेमरी आजही विसंबून आहे. ६४ अंकांबरोबर ठेवलेले ८ पडताळणी-अंक एका अंकाची चूक दुरुस्त करतात आणि दोन अंकांची चूक ओळखून यंत्र थांबवितात. म्हणून पडताळणी-अंक नसलेली स्वस्त पट्टी, ती यंत्रात चालत असली तरी, संशोधनाच्या सर्व्हरमध्ये लावू नये. येथे तडजोडीस जागा नाही.

दुरुस्त झालेल्या चुका वापरणाऱ्यास दिसत नाहीत. त्या नोंदवहीत जमा होत राहतात. लिनक्समध्ये ही नोंद ‘एडॅक’ या व्यवस्थेतून मिळते. मर्यादेबाहेर नेलेल्या यंत्राविषयी खरे काय ते या नोंदी सांगतात. बदलानंतर मेमटेस्ट ८६ प्लस किमान एक संपूर्ण दिवसरात्र चालवावा, त्यानंतर सर्व गाभ्यांवर पूर्ण भार टाकून प्रोसेसराचे तापमान पाहावे, आणि शेवटी ज्याचे उत्तर आधीच ज्ञात आहे असे मोठे गणित दोनदा करून दोन्ही उत्तरे अखेरच्या अंकापर्यंत ताडून पाहावीत. समांतर गणितात बेरजेचा क्रम बदलल्याने शेवटच्या स्थानी फरक पडू शकतो. म्हणून हे गणित एकाच गाभ्यावर करणे योग्य. डिसेंबरात केलेली परीक्षा मे महिन्यास लागू पडत नाही, तेव्हा ती उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी लागते. चुका एकाच स्लॉटातून येत असतील, तर पट्टी बदलून पाहावी. त्या तिसऱ्या पट्टीबरोबरच येत असतील, तर ती वाहिनी तेवढा भार पेलीत नाही असे समजून एक पट्टी काढून घ्यावी.

क्षमतावृद्धीने साध्य न होणाऱ्या गोष्टीही आहेत. गाभे आणि गिगाबाइट वाढविता येतात, प्रोसेसरास ठाऊक असलेल्या आज्ञा वाढविता येत नाहीत. ५६०० मालिकेत ‘एव्हीएक्स’ नावाचा आज्ञासंच नाही. टेन्सरफ्लोच्या तयार प्रती २०१८ च्या १.६ आवृत्तीपासून तो संच गृहीत धरतात. या सर्व्हरवर त्या सुरू होताच बंद पडतात, आणि मूळ आज्ञावली स्वतः संकलित करण्याचे किचकट काम विद्यार्थ्याच्या माथी येते. २०२५ मध्ये आलेली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची दहावी आवृत्ती तर याहून पुढील एव्हीएक्स-२ मागते. ज्यांचे काम यंत्रशिक्षणाचे आहे त्यांनी अशा सर्व्हरवर खर्च करू नये हे बरे. जीनोमची जुळणी, संख्याशास्त्रीय प्रतिरूपण, मराठी शब्दसंग्रहांतील शोध, गोदावरी-मांजरा खोऱ्यांच्या उपग्रहचित्रांचे वर्गीकरण, यांना हे बंधन फारसे जाचत नाही.

कार्यालयीन बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. असा बदल वार्षिक देखभाल कराराच्या कक्षेबाहेर पडतो. करार चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबावे. सुट्या भागांची खरेदी पक्क्या बिलावर व्हावी आणि बदललेली रचना डेडस्टॉक रजिस्टरात तारखेसह नोंदवावी, नाही तर पाच वर्षांनी लेखापरीक्षकास रजिस्टरातील यंत्र आणि खोलीतील यंत्र ही दोन निराळी वाटतील. काढलेले जुने प्रोसेसर व पट्ट्या लगेच टाकून देऊ नयेत. उन्हाळ्यातील परीक्षा पार पडेपर्यंत ते खुणेच्या पाकिटात, स्थिर विद्युतेपासून सुरक्षित असे ठेवावेत, म्हणजे गरज पडल्यास यंत्र एका तासात पूर्वस्थितीस नेता येते. त्यानंतर त्यांची वाट भंगाराच्या दुकानाकडे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावयास हवेत, आणि त्या पावतीची एक प्रत निर्लेखनाच्या फाइलीत लावावी.